मिशी कोणी काढली?

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका लाँड्रीरूममध्ये यतीन ड्रायरला सांगत होता, "बाबा, कॅमेरा बिघडलाय..."

"ड्रायरला मराठी कळतं?" मागून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावर राहणारी कादंबरी, हातात ओल्या मोज्यांची टोपली.

यतीननं पटकन ओठांवर हात ठेवला. तासाभरापूर्वी तिथे मिशी होती. तो जेमतेम बावीसचा, पण कॅम्पसवर पोरं प्रोफेसर समजून त्याच्यासाठी दार धरून उभी राहायची, म्हणून त्यानं ती काढली. आणि मग आठवलं— त्यांच्या घरात वडील असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. वडील होते. वर्ध्याला, ठणठणीत. दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल करणार होते.

त्यानं हे सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे तुझ्या चेहऱ्यावरून काका वारलेत?"

"हळू बोल ना यार!"

तिनं पर्समधून काजळाची पेन्सिल काढली. "हलू नकोस."

तिची करंगळी त्याच्या गालावर टेकली. थंडगार. ड्रायर गरगरत होता. यतीनही, आतल्या आत.

"श्वास घेतलास तरी चालेल."

"मिशी हलेल."

मग दर रविवारी हेच. खरी मिशी उगवत गेली तसं काजळ कमी कमी लागू लागलं. पाचव्या रविवारी लागलंच नाही.

"झालं तर मग माझं काम," कादंबरी म्हणाली. पेन्सिलीला टोपण मात्र तिनं उगाच दोनदा लावलं.

सहाव्या रविवारी यतीन तिच्या दारात उभा. चेहरा सफाचट.

"अरे, काय केलंस हे?"

"काढली."

"का पण?"

"तू काढावीस म्हणून..."

ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात यतीनचा फोन वाजला. बाबा. तिनं घाईघाईनं पेन्सिल आणून उघडली. यतीननं तिचा हात अलगद धरला, आणि तसाच फोन उचलला.

"बाबा, मी मिशी काढली."

बाबांनी चष्मा नाकावर चढवला.

"आधीही काढली होतीस. दर रविवारी निराळी दिसायची. एकदा तर डावं टोक कानाकडे निघालं होतं."

"रागावलात?"

"मी आहे ना अजून? मग झालं." बाबा कॅमेऱ्याजवळ सरकले. "पण ती काढणारी कोण आहे?"

यतीननं हात सोडला नव्हता. कादंबरी हळूच स्क्रीनमध्ये आली. "मी... नमस्कार काका."

"नमस्कार, बेटा. आपल्या घरची मिशी उजवीकडे जरा झुकती असते. पुढच्या रविवारी लक्षात ठेव."