रिकाम्या खोलीचा आवाज

खोलीतली शांतता ध्वनिमुद्रित होत होती, म्हणून मला ओरडता येत नव्हतं.

माझा आवाज टिपायला आलेल्या तंत्रज्ञाचा हा नेमच होता. माझे शब्द टिपून झाले की तो रिकाम्या खोलीचा आवाजही टिपत असे; दोन शब्दांच्या मध्ये तो पेरला की जोड कळत नाही म्हणे. एरवी त्या शांततेत मी त्याच्या बोटांकडे पाहत बसे. आणि माझं लक्ष नाही असं पाहून तो माझ्याकडे. आज मात्र मी ओठ घट्ट मिटून धुमसत होते.

त्याने हेडफोन उतरवले. "झालं. आता बोला."

"बोलू? बोलण्याजोगं काही शिल्लक ठेवलंय तुम्ही?"

"का? काय झालं?"

"तिकीट खिडकीवरच्या मावशी सांगत होत्या. पुढच्या महिन्यापासून म्हणे माझा आवाज स्टेशनात राहणार, मी नाही राहणार. ठाऊक होतं तुम्हाला?"

तो वायर गुंडाळू लागला... आणि मला कळायचं ते कळलं.

या स्टेशनातल्या घोषणा मी करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रखडली, कुणाचे आजोबा चुकून पुलाखाली वाट पाहत उभे आहेत, हे सगळं माणसांना माझ्या गळ्यातून कळतं. ठरलं होतं ते एवढंच, की रोजच्या ठरावीक घोषणा यंत्र करील आणि अडीअडचणीला मी असेन. त्यासाठी प्रत्येक शब्द एकदा म्हणायचा होता. एकदाच! पण याने तोच आकडा, तेच स्थानक मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. "बिघडलं हो... जरा खालच्या पट्टीत." "आता हसून." "आता कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं—" आणि मी वेडी, खरंच वाट पाहत असल्यासारखं म्हणत गेले.

"स्टेशनच्या साहेबांनी नमुना ऐकला," तो मान खाली घालून म्हणाला. "एकेका शब्दाच्या इतक्या तऱ्हा मिळाल्यावर तुम्ही बोलताय की यंत्र, त्यांना ओळखूच येईना. म्हणाले, मग बाई हवी कशाला?"

"पहिल्या वेळचे शब्द बिघडले होते?"

"एकही नाही."

"मग?"

"काम संपलं असतं... तुम्ही पुन्हा आला नसतात."

संताप असाही असतो, की त्याच्या तळाशी काहीतरी गोड हलतं; आणि ते हलतं म्हणूनच तो दुप्पट होतो.

"अरे, मग चहाला चल म्हणायचंस!" रागाच्या भरात मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. "अख्खं स्टेशन माझं ऐकतं, आणि तुला एक साधं वाक्य जमेना?"

"माफ करा."

"नीट नाही आलं. पुन्हा."

"माफ कर," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज चिरकला होता.

"माझी नोकरी घालवून माझ्यावर प्रेम करायचं! कुणी शिकवलं तुला हे?"

त्याने यंत्र माझ्याकडे वळवलं. "साहेबांकडे फक्त नमुना आहे. बाकी सगळं अजून इथेच आहे. करारात प्रत्येक शब्द एकदाच, असं म्हटलंय; तेवढंच देईन. जादाचं पुसतो."

"यंत्र तुटक बोलेल."

"बोलू दे. मग त्यांना तू लागशीलच."

"तुला पुढचं काम मिळणार नाही."

"नाही तर नाही."

पडद्यावरच्या रेघा एकेक करून विझू लागल्या. वाट पाहत म्हटलेला तो आकडाही गेला, तेव्हा मला चटका बसला. पण मी थांब म्हटलं नाही.

"आता... चहाला येशील?" त्याने विचारलं.

तेवढ्यात खाली फलाटावर गलका उठला. गाडी सिग्नलपाशी अडून पडली होती आणि माणसं माना वर करून मुक्या कर्ण्यांकडे पाहत होती. मी उठले. त्याच्याकडे एकदा पाहिलं, रागानेच, पण गरजेपेक्षा जरा अधिक वेळ... आणि उत्तर न देता माझ्या माइककडे चालू लागले.