वरून आलेली ओ

काम तसं किरकोळच होतं. मुंगीला घरून आपली जाड रजई आणायची होती. वसतिगृहाच्या खोलीत पहाटेची थंडी अंगात शिरायची आणि तिथली चादर म्हणजे नुसती नावाला चादर. आता रजई काय, तिथल्या बाजारातही मिळत होती. पण घरी जायला माणसाला कधीकधी निमित्त शोधावं लागतं, आणि घरच्यांनी बोलावलेलं नसलं तर हमखास लागतं.

मुंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ही पोर एका जागी दोन मिनिटं टेकायची नाही, म्हणून आईने ते ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घर छोटंसं. पुढे बाबांचं चष्म्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, तिथेच खिडकीशी आईचं शिवणाचं मशीन, आणि कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना. वर एकच खोली, ती मुंगीची. आई जेवायची वेळ झाली की जिन्याच्या कठड्यावर पळी आपटायची आणि ओरडायची, “मुंगे, खाली ये गं!” वरून “आले!” अशी ओ आल्याशिवाय ती पानं वाढायला घेत नसे.

बारावीनंतर मुंगीने जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि घरात रणकंदन माजलं. गावात कॉलेज होतं. इतकं जवळ, की तिथली घंटा आईला मशीनवर बसून ऐकू यायची. पण तिथे हा विषय नव्हता. तो शिकायचा तर पार दुसऱ्या मुलखात जायला हवं होतं, जिथली हवा वेगळी, बोली वेगळी आणि ओळखीचं चिटपाखरू नाही. आईने अन्नपाणी सोडलं. “आहे त्या कॉलेजात काय काटे आहेत?” हे तिचं पालुपद. शेवटी बाबाच पोरीच्या पाठीशी उभे राहिले. “तू बिनधास्त जा. आईचं मी बघतो,” म्हणाले. त्यांच्या त्या एका वाक्यावर मुंगी पहिलं वर्ष काढत होती.

सुरुवातीला आईचा फोन रोज यायचा आणि रोज रडण्यात संपायचा. मग हळूहळू तिचा आवाज सुधारला. मग तो चक्क आनंदी झाला. फोन आखडते झाले. मागच्या सुट्टीत मुंगी घरी येते म्हणाली तर आई म्हणाली, “कशाला एवढी दगदग करतेस?” या सुट्टीतही तेच. मुंगीला आधी हायसं वाटलं होतं, मग वाईट वाटलं, आणि मग राग आला. म्हणून यावेळी तिने कुणालाच न कळवता गाडी पकडली.

ती गल्लीत शिरली तेव्हा भर दुपार होती. उन्हात सगळी दारं ओढून घेतलेली. कुठे कुत्रंसुद्धा नाही. दुकानात बाबा एकटेच एका काचेची कड घासत बसले होते.

“बाबा!”

बाबांनी मान वर केली आणि काच हातातून निसटली. ती फरशीवर फुटली, तरी त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्यांनी आधी मुंगीकडे बघितलं, मग माडीकडे, मग पुन्हा मुंगीकडे.

“तू... बाहेरून आलीस?”

“मग काय छपरातून येणार?” मुंगी हसली. “चाट पडलात ना?”

बाबा हसले नाहीत. गल्ल्यामागून उठून ते तिच्या आणि आतल्या दाराच्या मध्ये उभे राहिले. “बस. इथेच बस जरा. चहा मागवतो.”

“घरच्या घरी चहा मागवता? सरका हो.” ती त्यांच्या बाजूने आत गेली.

स्वयंपाकघरात अंधार होता, कारण खिडकीवर जाड पडदा ओढला होता. तो पूर्वी नव्हता. जेवणं झाल्याचा वास होता आणि त्यात आणखी एक, कोंदट, बंद ट्रंकेतल्या कपड्यांसारखा. आई मशीनवर पाठमोरी बसून हलक्या पायाने शिवत होती. निळं फुलाफुलांचं कापड होतं. मुंगीनेच मागे स्वतःसाठी हट्टाने आणलेलं.

चाहूल लागली तशी आई मागे न बघताच म्हणाली, “अगं, आत्ताच तर झोपायला गेलीस. झाली पण झोप?”

“मी बसमध्ये झोपले, आई.”

मशीन थांबलं. आई वळली. तिने मुंगीचा चेहरा पाहिला, मग खांद्यावरची बॅग, मग चपलांवरची धूळ. लेक इतक्या महिन्यांनी दारात उभी होती आणि आईचं तोंड उतरलं. त्यात आनंद औषधालाही नव्हता. चोरी करताना पकडलं जावं तसा तो चेहरा झाला होता. मुंगीने तो पाहिला, आणि पुढे जे काही कळलं त्याच्यापेक्षा तिला तो चेहराच जास्त लागला.

“हळू बोल,” आई कुजबुजली. “उठेल ती.”

“कोण उठेल?”

आईने जिन्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन मुंगीचं मनगट धरलं. आईचा हात गार पडला होता.

“तू गेल्यावर माझी सवय काही सुटेना. रोज जेवायच्या वेळी पळी आपटायची, हाक मारायची, मग आठवायचं की वर कुणी नाही. मग रडायचं. बाबा म्हणायचे, बंद कर ते, शेजारी हसतील. पण मी मारतच राहिले हाका. आणि एक दिवस...” तिने जिन्याकडे बोट केलं. “एक दिवस वरून ओ आली.”

“काय बोलतेस आई?”

“आले, म्हणाली. तुझ्याच आवाजात. आणि खाली आली. जेवली. भूक लागली होती गं तिला, फार. दोनदा भात घेतला.”

बाबा दारात येऊन उभे होते. मुंगीने त्यांच्याकडे अशा आशेने पाहिलं की ते आता म्हणतील, तुझ्या आईचं डोकं फिरलंय, डॉक्टरला दाखवतोय. बाबांनी मान खाली घातली.

“तुम्ही बघितलंत तिला?”

“माझ्याजवळ दुकानात बसते संध्याकाळची,” बाबा म्हणाले. “गावातल्या कॉलेजात जायचं म्हणते, पुढच्या वर्षी. मी... मी डोळे तपासले तिचे. नंबर अगदी तुझाच. डाव्याचा पण. फक्त... तपासताना पापणी नाही लवली एकदाही.”

मुंगीला हसूही येईना आणि ओरडताही येईना. तिची नजर मशीनवरच्या निळ्या झग्यावर गेली. सवयीने तिने तो हातात घेऊन अंगाला लावला. वसतिगृहाच्या जेवणाने ती रोडावली होती. झगा दोन्हीकडून सैल होता.

“तुला नाही बसायचा,” आई चटकन म्हणाली आणि तिने तो हळूच काढून घेतला. घडी घालताना तिने कापडावरून दोनदा हात फिरवला.

“ते माझं कापड आहे. ती माझी खोली आहे.” मुंगीचा आवाज चढला. “मी बघते कोण आहे ते!”

ती जिन्याकडे धावली. आई तिच्याआधी पोचली आणि दोन्ही हात कठड्यांना लावून वाट अडवून उभी राहिली. ही बाई घरातली पाल मारायलाही नवऱ्याला हाक मारायची. आज ती पोटच्या पोरीसमोर जिना राखत होती.

“पाया पडते तुझ्या. तिला माहीत नाही गं, तू आहेस ते. कळलं तर ती जाईल. तू तर गेलीसच ना? तुला तिकडे सगळं आहे. कॉलेज आहे, मैत्रिणी आहेत. तिला दुसरं घर नाही.”

“आणि मला आहे?”

आईने कठडे आणखी घट्ट धरले. वर खाट करकरली. मुंगीला तो आवाज पाठ होता. डाव्या कुशीवरून उठताना खाट तशीच करकरायची. मग एक लांबलचक जांभई ऐकू आली, शेवटी बारीक किंकाळीसारखी. मैत्रिणी मुंगीला त्याच जांभईवरून चिडवायच्या. जिन्याच्या वरच्या तोंडाशी अंधार होता. त्या अंधारात अनवाणी पावलं येऊन थांबली. कोंदट वास एकदम दाटला.

“आई...” वरून आवाज आला. झोपाळू, लाडिक, तिचाच. “खाली कोण आलंय गं?”

मुंगीने आईकडे पाहिलं. आता तरी ही सांगेल. आता तरी माझं नाव घेईल. आईही तिच्याकडेच बघत होती, डोळ्यांत डोळे घालून. त्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मात्र छान मोकळा निघाला.

“कोणी नाही, राणी. गिऱ्हाईक आहे. चालले ते. तू झोप.”

पावलं लगेच हलली नाहीत. वरून कुणीतरी वाकून बघत असावं असं मुंगीला वाटलं. तिने मान वर करायला हवी होती. घरचा हक्क सांगायचा तर तीच वेळ होती. पण तिच्याच्याने मान वर होईना. भीती होतीच, पण भीतीपेक्षा ते “राणी” तिच्या मनाला डसलं. तिला आई कधी राणी म्हणाली नव्हती.

रजई मागायचं तिच्या लक्षातही आलं नाही. बाबा बॅग उचलून बसथांब्यापर्यंत आले. वाटेत सारखे म्हणत होते, “तुझी आई जेवत नव्हती गं. खंगली होती. आता बघ कशी सावरलीय.”

“तुम्ही म्हणाला होतात, आईचं मी बघतो.”

“बघितलं ना,” बाबा म्हणाले.

गाडी आली. खिडकीतून मुंगीने मागे वळून पाहिलं नाही.

वसतिगृहात तिच्या खोलीत एक उंचच उंच मुलगी राहायची. तिला सगळे जिराफ म्हणत. जिराफने विचारून पाहिलं, चिडवून पाहिलं, शेवटी नाद सोडला. मुंगी तासाला जायची, गाईगुरांची हाडं पाठ करायची, आणि जेवताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. घरचा फोन आला की वाजू द्यायची. पण मनात एक चिवट वेडी आशा होतीच. एक ना एक दिवस आईला खरं-खोटं कळेल. आई म्हणेल, चुकले, ये. मग आपण आधी भरपूर रुसायचं आणि मग जायचं. रुसण्यातली वाक्यंसुद्धा तिने तयार ठेवली होती.

एका दुपारी खोलीत ती एकटीच होती. जिराफ सकाळी घाईत गेली होती. फोन वाजला आणि का कोण जाणे, मुंगीने उचलला.

आई रडत होती. अगदी पहिल्या दिवसांसारखी, हुंदके देऊन.

“गेली गं ती. मला सोडून गेली.”

मुंगीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने रुसव्याचं पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. पण आई थांबायला तयार नव्हती.

“तुझ्यासारखाच हट्ट. गावातलं कॉलेज नको म्हणाली. लांबच जायचंय, तुझ्याच कॉलेजला.”

“माझ्या?” मुंगी खाटेवरून उठली. “तिला कसं कळलं माझ्याबद्दल?”

“विचारत होती सारखी, त्या दिवशीचं गिऱ्हाईक कोण होतं. किती दिवस टाळलं मी. पण मुंगे, माझ्याच्याने तिच्याशी खोटं बोलवेना. सांगून टाकलं सगळं.”

“आई... कधी निघाली ती?”

“काल. निळा झगा घालून गेली. छान बसलाय तिला.” आईने नाक पुसलं. आवाज जरा सावरला, समजुतीचा झाला. “मी अडवलं नाही. तुला अडवलं होतं तर तू किती दुखावलीस. आता तुम्ही दोघी भेटा, नीट बोला, आणि काय ते ठरवा. कोणी तिकडे राहायचं, कोणी परत यायचं. आम्हाला काय गं, घरी एक असली म्हणजे झालं.”

नकळत मुंगीने खाटेवरची आपली खोलीची किल्ली मुठीत आवळली. फोन केव्हा बंद झाला तेही तिला कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात जिराफच्या चपलांची फटफट ऐकू आली. ती कुणाशी तरी बोलत येत होती. इतक्या दिवसांनी तिचा आवाज खूश होता.

“बाई गं, आज काय कळी खुललीय तुझी! म्हटलं, आता ही हसायची विसरलीच.”

त्यावर कुणीतरी हसलं. मग एक लांबलचक जांभई आली.

मुंगीने दाराकडे धाव घेतली, पण कडी लावायच्या आत दाराच्या आपोआप लागणाऱ्या कुलपात बाहेरून किल्ली फिरू लागली. त्या खोलीला दोनच किल्ल्या होत्या. जिराफची सकाळच्या घाईत टेबलावर राहिली होती. आणि दुसरी मुंगीच्या मुठीत होती.