कागदाखालची पाचवी

माझ्या लेकीचं, वैभवीचं, बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं, म्हणून मी मागची खोली साफ करायला घेतली. भिलाईच्या नेहरू नगरातलं हे घर आम्ही ह्यांच्या रिटायरमेंटनंतर घेतलं, प्लँटचं क्वार्टर सोडलं तेव्हा. आधीच्या मालकांनी त्या खोलीला फुलाफुलांचा वॉलपेपर लावलेला. ओलीने तो फुगला होता, कडेकडेने काळी बुरशी धरली होती. लेकीचं पहिलं पोटातच गेलं होतं. आता आठवा महिना लागलेला. असल्या भिंतीपाशी मी तिला निजवणार नव्हते. पेंटर म्हणाला, कागद तेवढा काढून ठेवा बाई, मग पुट्टी मारतो.

उन्हाळ्यातली दुपार होती. बादलीत कढत पाणी, त्यात थोडं व्हिनेगर, हातात पुट्टीची पट्टी. भिजवायचं, थांबायचं, खरवडायचं. बाकीच्या भिंती सुटल्या. पलंगाकडची मात्र सुटेना. एक कागद निघाला की खाली दुसरा, वेगळ्याच फुलांचा. त्याच्याखाली आणखी एक.

"अवं, कावून जीव काढून राहिली?" हे दारातून म्हणाले. "आमी भट्टीत लोखंड वितळवलं, अन् तुले कागद आवरत नाही!"

"बोलू नका नुसते. पाणी तापवून आना."

हसत हसत त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि समोरच्या खोलीत जाऊन आडवे झाले.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम मुकं झालं. हायवेवरचे ट्रकही ऐकू येईनात. मी कढत फडका भिंतीला दाबून धरला. आधी खळीचा जुना, आंबूस वास आला. मग त्याच्या आतून दुसरा. ओवा... बाळंतशेपा... निखाऱ्यावर टाकलेला.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी. हा वास कुठल्या बाईला सांगावा लागत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. गॅस बंद होता. शेगडी तर आमच्या घरात नाहीच.

परत आले तो कागदाचा वरचा कोपरा आपणहून सुटून लोंबत होता. इतका वेळ नखाएवढा निघत नव्हता तो कागद. मी धरून ओढला, आणि अख्खा ताव न फाटता खाली आला, ओल्या लुगड्यासारखा.

भिंतीवर पाचवी होती.

आमच्यात बाळाच्या पाचवीला भिंतीवर काजळाच्या ठिपक्यांनी बाई काढतात. ती सटवाई. पुढे बारशाला बाळंतीण न्हाऊन येते आणि ओल्या पदराने स्वतःच ती पुसते. दुसऱ्या कुणी पुसायची नसते. जी पुसेल तिचं बाळ, असं माझ्या सासूबाई म्हणत.

ही पुसलेली नव्हती. म्हणजे जिच्या बाळाची ही पाचवी, ती पोर न्हायला उठलीच नव्हती... आणि लोकांनी वर कागद डकवला. मग त्याच्यावर आणखी कागद.

मी एका ठिपक्याला बोट लावलं. काजळ ओलं होतं. कोमट.

मला वैभवी दिसली, ह्याच भिंतीकडे तोंड करून निजलेली. पेंटर येऊन पुट्टी मारेल आणि हे पुन्हा आतच राहील, तिच्या लेकराच्या उशाशी. मी घाबरले. आणि खरं सांगते, त्या न उठलेल्या पोरीसाठी मला गलबलूनही आलं. पाण्यात काम करून माझा पदर ओलाच होता. हात कसा गेला कळलं नाही. मी पुसली.

शेवटचा ठिपका गेला तसा भिंतीतून एक लहानसा श्वास आला. झोपेतून चाळवताना तान्हं बाळ घेतं ना, तसा. मग चुट्... चुट्... ओठांचा आवाज.

माझा ब्लाउज समोरून भिजला होता. बादलीतलं उडालं असेल म्हटलं. पण बादली केव्हाच गार झाली होती, आणि हे ऊन होतं. मी बोट नाकाशी नेलं. माझी पाळी जाऊन किती वर्षं झालीत हो... ते दूध होतं.

संध्याकाळी मी वैभवीला फोन लावला.

"तू इकडे येऊ नको. नागपूरलेच राहा, सासूबाईंजवळ."

"मम्मी! टिकट हो गया है. कावून असं करून राहिली तू? मी माहेरी नको येऊ?"

"येऊ नको म्हटलं ना..."

"पप्पाले दे फोन. दे ना!"

मी दिला नाही. ती खूप रडली. मी नाही रडले. आवाजाने ते जागं झालं असतं.

नात नागपूरला झाली. सुखरूप आहे, गुलाबी गुलाबी. मी फोटोच पाहिले. एकदा तिला पाहायला म्हणून निघालेही होते. दुर्ग स्टेशनवर गाडी लागली, पायरीवर पाय ठेवला आणि छाती दगडासारखी भरून आली. ओल पार पदरापर्यंत उतरली. ऑटो करून परत आले.

ह्यांना मी त्या दुपारचं अक्षरही सांगितलेलं नाही. मला दारात पाहून त्यांनी हातातली बॅग घेतली. का परत आलीस, विचारलं नाही. मागच्या खोलीचं दार थोडं लोटून ते आत वाकले आणि अगदी हळू म्हणाले,

"आली... आली तुयी माय. उगी."