मापाचा फ्रॉक

जयमालाच्या अंगाला टेरिकॉट सोसत नसे, नायलॉन तर त्याहून नाही. शाळेचा गणवेश चढवला की दुपारपर्यंत मानेवर, काखेत, कमरेच्या नाडीखाली लाल गांध्या उठायच्या. मग पोरीचं लक्ष फळ्याकडं कमी आणि बाकाच्या कोपऱ्यावर पाठ घासण्याकडं जास्त.

"सुती घालत जा तिला," डॉक्टर म्हणाले. सांगायला त्यांचं काय जात होतं! भिंगारच्या बाजारात चांगलं सुती मिळायचं, पण ते ऑफिसरांच्या बायकांनी घ्यावं. जयमालाचे वडील भीमराज मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या पगाराला झेपायचं ते टेरिकॉटच. वर्षानुवर्षं फाटत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच त्रास.

अशात यशोधराला, म्हणजे जयमालाच्या आईला, एका साप्ताहिकाच्या मागल्या पानावर चौकट दिसली. हातमागाचे शुद्ध सुती कपडे. विणणारी आणि शिवणारी एकच. रास्त भाव. मापाचा कपडा पाठवावा. खाली नाव, गोजरबाई, मुक्काम पुणतांबा.

मापाचा कपडा पाठवायचा यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. टेप घेऊन अंग मोजत बसतं कोण? शिंप्याकडं जाताना जुना ब्लाऊज पिशवीत टाकायचा आणि म्हणायचं, याच मापाचा शिवा. यशोधरानं जयमालाचा पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा फ्रॉक धुऊन, घडी घालून पोस्टानं पाठवला.

महिन्याभरात पोस्टमन छगन व्ही.पी.चं, पैसे भरून सोडवायचं पार्सल घेऊन आला. आत दोन फ्रॉक निघाले. कापड जाडसर, पण कुणी वर्षभर वापरून मऊ केल्यासारखं. जयमालानं अंगात घातला आणि गिरकी घेतली. आठवड्यात गांध्या गेल्या.

पिवळा फ्रॉक मात्र परत आला नव्हता.

"शिंपी माप ठिवून घेतो म्हंजी गिऱ्हाईक बांधून घेतो," सासू भामाबाई म्हणाल्या. "हुशार हाय बाई."

दुसऱ्यांदा फ्रॉक मागवताना यशोधरा नवं माप पाठवायचं विसरली. पोर मधल्या काळात चांगली चार बोटं वाढली होती. आता तोकडे येणार, म्हणून ती स्वतःवरच चरफडत बसली. फ्रॉक आले ते बरोब्बर गुडघ्याखाली. "माझ्या लेकीची उंची मला कळायच्या आधी पुणतांब्याला कळते," ती शेजारणींना हसत सांगायची. दोन वर्षं हे हसण्यावारी गेलं.

मग एका पार्सलातून विचित्र फ्रॉक निघाला. उजवी बाही नेहमीसारखी, डावी मात्र उशीच्या खोळीएवढी रुंद आणि खांद्यापासून खालपर्यंत उघडी, बांधायला नाड्या.

"काय ओ आत्या हे?" यशोधरानं सासूला विचारलं.

"म्हातारी झाली आसंल. डोळं गेलं," भामाबाई म्हणाल्या.

फ्रॉक पेटीत पडला. चार दिवसांनी जयमाला शाळेच्या भिंतीवरून पडली आणि डावा हात मोडला. प्लास्टर घालून घरी आली तेव्हा तिच्या अंगात एकही कपडा जाईना. यशोधरानं पेटी उघडली. बाही प्लास्टरवरून अलगद गेली. नाड्या जिथं हव्या होत्या तिथंच होत्या.

त्या दिवसापासून यशोधरा हसायची थांबली. पत्र टाकलं: आता काही पाठवू नये, आमचं माप तेवढं परत करावं. उत्तर आलं नाही.

वैशाखात छगन न मागवलेलं पार्सल घेऊन उभा राहिला. यशोधरा घेणारच नव्हती, पण भामाबाईंनी पदराच्या गाठीतले पैसे सोडून ते आधीच घेतलं होतं.

आत पांढरं शुभ्र कापड होतं. बाही नाही, गळा नाही. कुठंही शिवण नाही.

"बुद्धपौर्णिमा आली न्हवं का," भामाबाई खूश होऊन म्हणाल्या. "पोरीला पांढरं पायजेच. बाईनं आटवणीनं धाडलं."

विहारात सगळी पांढऱ्यातच जातात, हे खरंच होतं. यशोधरानं स्वतःला तेच बजावलं. तेवढ्यात जयमालानं कापड फरशीवर अंथरलं आणि त्यावर उताणी आडवी झाली. "आई, बघ ना. माझ्याएवढंच आहे." डोक्याकडं थोडं उरलं होतं, पायाकडं थोडं. तिनं वरचं टोक हसत हसत तोंडावर ओढून घेतलं.

यशोधरानं ते इतक्या जोरानं हिसकावलं की पोर रडायला लागली.

संध्याकाळी जयमालाचं अंग कोमट लागलं. सकाळी ती तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप हलला नाही.

"पुणतांब्याला जाते," यशोधरा म्हणाली.

"पोर आजारी आणि तू कपड्याचं भांडण करायला निघालीस?" भीमराज म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "मी रजा टाकतो. तू जा."

यायला उशीर झालाच तर असावा म्हणून तिनं पिशवीत एक साडी-ब्लाऊज टाकला, वर ते पांढरं कापड, आणि नगरहून मनमाडकडं जाणारी पॅसेंजर पकडली.

पुणतांब्याला गोदावरीत पाणी नव्हतंच म्हणायचं. घाटाच्या पायऱ्या भर दुपारी तापल्या होत्या. गोजरबाईचं घर कुणीही दाखवलं असतं. मागाचा खटखट आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. आत बेताच्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू लावलेली बाई माग चालवत होती. डोळे चांगले धड होते.

"भिंगारच्या ना तुमी?" ती म्हणाली. "बसा. पानी घ्या."

यशोधरा बसली नाही. मागाच्या पाठीमागच्या भिंतीला खुंट्या होत्या, पार आढ्यापर्यंत. प्रत्येक खुंटीला एक जुना कपडा. परकर, सदरे, झबली, पोलकी. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी त्यातले काही हलत होते. श्वास घेतल्यासारखे.

पिवळा फ्रॉक हाताशीच होता. तीन वर्षांपूर्वी तिनं पाठवला तेव्हा तो जेमतेम वीत-दीड वीत रुंद छातीचा होता. आता तो आजच्या जयमालाएवढा होता. तपकिरी ठिपकेसुद्धा तेवढेच, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. तिनं हात लावला.

कापड तापलं होतं.

"परवापास्नं तसंच हाय," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली.

"या कापडाला बाह्या लावा. गळा काढा. काहीही शिवा," यशोधरानं पांढरं कापड तिच्या मांडीवर टाकलं.

"मी मनानं शिवत न्हाई, ताई. माप सांगतं त्येवढंच. ह्यानं फुडं काय सांगितलंच न्हाई."

"मग मी माझं माप घेऊन जाते."

"न्या की. कुनी अडवलंय?" तिनं मागावरून नजर काढली नाही. "पर खुंटी मोकळी ऱ्हात न्हाई. ज्या घरचं जातं, त्याच घरचं येतं."

माग थांबला होता. यशोधराला तेव्हा कळलं की तो कधी थांबला ते आपल्याला ऐकूच आलं नाही.

घरात माणसं तरी किती? भामाबाई, भीमराज, पोर.

तिनं पिशवीतून आपला ब्लाऊज काढला. घडी मोडली. फ्रॉक उतरवला, पांढऱ्या कापडासोबत पिशवीत टाकला आणि त्या जागी ब्लाऊज अडकवला.

खटखट पुन्हा सुरू झाली.

घरी पोचली तेव्हा जयमाला आजीच्या मांडीला टेकून खिचडी खात होती. "दुपारीच घाम सुटून ताप उतरला," भीमराज म्हणाले. "भांडलीस का?"

"नाही. मिटलं."

पांढऱ्या कापडाचा तिनं स्वतःच्या हातानं फ्रॉक शिवला. वेडावाकडा झाला, पण आत भरपूर दुमड ठेवली, पुढं उसवून वाढवता येईल अशी. जयमाला पौर्णिमेला तो घालून विहारात गेली. पिवळा फ्रॉक पेटीत तळाशी राहिला, गार, आणि पुन्हा वाढला नाही.

पावसाळा संपताना छगननं हाक मारली. पार्सल या वेळी यशोधराच्या नावानं होतं.

तिनं ते बाहेरूनच चाचपलं. शिवण लागली, हुक लागले. कोरं कापड नव्हतं. आत निळा ब्लाऊज होता, मऊ, नेटका. बाह्या तिच्याच मापाच्या, गळा तिला आवडतो तसा. तिनं तो खिडकीशी उजेडात धरला.

उजव्या छातीवर उभारासाठी नेहमीचे टक्स घातले होते. डावीकडं एकही नव्हता. डावीकडं कापड सपाट होतं, पाठीसारखं, आणि शिलाई अगदी सफाईदार.

"आई, काय आलं गं?" जयमालानं आतून विचारलं.

"ब्लाऊज."

"बसतोय का?"

यशोधराचा हात छातीच्या डाव्या बाजूला गेला होता. तो तिथंच राहिला.

"अजून नाही," ती म्हणाली.