शिशात उमटलेला चेहरा

कणिक मळून नुकतीच झाकली होती, तेवढ्यात शेजारची सायकाल लेकीला ओढतच घेऊन आली. आयतुर्गान, सोळा वर्षांची. नजर मोबाइलमध्ये.

"एजे, शिसं ओता हिच्यावर," सायकाल म्हणाली. सगळं आत-बाशी गाव मला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणतं. "जेवत नाही, झोपत नाही. मोबाइलमध्ये आपला चेहरा नाजूक करून बघत बसते. घरातल्या आरशावर रुमाल टाकलाय. म्हणते, त्यातली ती कुरूप मुलगी मी नाहीच!"

"आई, गप्प बस ना."

"गप्प बसले म्हणूनच ही वेळ आली!"

भ्यालेल्या माणसाचा जीव अंगातून निसटतो. डोक्यावर गार पाण्याचा वाडगा धरून त्यात वितळलेलं शिसं ओतलं, की भीतीचा आकार उमटतो. कुत्रा, घोडा, कधी दारुडा बाप. मग मी जीवाला हाक मारते आणि दारात उभं असलेलं घरचं माणूस जीवाच्या वतीनं "आले" म्हणून ओ देतं. माझ्या हातून एकही मूल रिकामं परत गेलेलं नाही.

मोबाइल बंद करून मी चुलीपाशी ठेवला. शिसं ओतलं. चर्रर्र... जळका वास खोलीभर पसरला. वाडगा खाली घेतला. पाण्यात चेहरा होता. इवलंसं नाक, मोठाले डोळे.

"ही मीच," आयतुर्गान कुजबुजली.

"तुझं नाक माझ्यासारखं आहे बाई, बटाट्याएवढं," सायकाल म्हणाली.

सायकालला दारात उभं करून मी हाक मारली. "आयतुर्गान, ये... घरी ये..."

दारातल्या सायकालनं तोंड उघडण्याआधीच उत्तर आलं. चुलीपाशी ठेवलेल्या त्या बंद मोबाइलमधून.

"आले... आले..."

मुलगी उठली. नान आणि साय मागून घेतली, पोटभर खाल्ली. माझ्या आरशात बघून केस विंचरले. "मोबाइल तुमच्याकडेच राहू दे, एजे. मला नको आता." सायकाल रडत माझ्या गळ्यात पडली.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. फाटकापर्यंत मायलेकी बोलत, हसत गेल्या. सायकालच्या तोंडून वाफेचे ढग निघत होते. लेकीच्या तोंडासमोरची हवा मात्र स्वच्छच...

मोबाइल माझ्या पेटीत आहे. रोज बाहेर काढते, तिच्या नावानं हाक मारते. पोर येईल, मला खात्री आहे. हाक मारली की मोबाइलची काच धूसर होते. मी डोक्यावरच्या रुमालानं पुसते.

पुसली जात नाही. ओल आतल्या बाजूनं आहे.