हितसंबंध : आहे

सगळ्यात आधी आभार मानायचे ते भाषांतर करणाऱ्या यंत्राचे. त्याला आमची किरगिझ भाषा धड येत असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फेब्रुवारी नुकताच लागला होता. बिश्केकमध्ये धड बर्फ पडत नव्हता, धड पाऊसही नाही. दोन्ही मिळून एक गारढोण चिकचिक वरून ओघळत होती. वैद्यकीय अकादमीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी रांगेत उभी होते. बुटांत पाणी, हातमोजे ओलेचिंब, आणि डोकं तापलेलं. माझ्या पुढे एक उंच माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि... हसत होता. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

माणूस एकटाच इतका हसतो तेव्हा डोकवावंसं वाटतंच. मी डोकावले. वरच्या कागदावर इंग्रजीत ठळक मथळा होता — ‘आट-बाशीच्या कुरणांवरील स्त्रियांमध्ये खानांची कमतरता’.

आमच्या भाषेत रक्तालाही ‘कन’ म्हणतात आणि खानालाही ‘कन’च. मी लेख पाठवला होता त्या अकादमीच्या नियतकालिकाचा नियम असा, की सारांश तीन भाषांत द्यायचा. इंग्रजीचं काम मी घाईघाईत यंत्रावर सोपवलं आणि न वाचता पाठवून दिलं होतं.

“हसण्यासारखं काय आहे त्यात?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

तो वळला. डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं. “तुम्हीच वाचा ना! दोनशे बारा बायका तपासल्या, त्यातल्या सहासष्ट जणींमध्ये खान कमी निघाले. उरलेल्या एकशे सेहेचाळीस जणींकडे म्हणे भरपूर आहेत!”

“तो लेख माझा आहे.”

त्याचं हसू घशात अडकलं. दोन वेळा खोकला, आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, “मग... उपाय काय सुचवलात? खानाच्या गोळ्या?”

“लोहाच्या!”

“मी कनिबेक. नियतकालिकाचा सचिव.” त्यानं हात पुढे केला. “माझ्या नावात एक कन आहे. कधी कमतरता भासलीच तर कळवा.”

“मी कुंदुझ. कमतरता आट-बाशीच्या बायकांना आहे. मला नाही,” मी म्हटलं. हात मात्र हातात दिला. ओल्या मोज्यासकट.

मथळा त्यानं तिथेच, दुकानाच्या फळीवर कागद ठेवून दुरुस्त केला. परीक्षकांच्या हातात पडला असता तर लेख तसाच परत आला असता आणि अकादमीभर माझं नाव झालं असतं. मी आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, “अक्षर वाईट आहे तुमचं.”

*

आता हा लेख म्हणजे माझ्यासाठी काय होता, ते सांगते. मी मेंढपाळाची मुलगी. आट-बाशीच्या वर, उन्हाळी कुरणांवर, बायका पहाटेपासून घोड्या-गाईंचं दूध काढतात, चालता चालता बसतात, बसल्या की उठवत नाही. सगळ्या म्हणतात, वय झालं. पंचविसाव्या वर्षी! गेल्या ऑगस्टमध्ये मी डॉक्टर होऊन तिथे गेले आणि दोनशे बारा जणींचं रक्त घेतलं. सगळ्यात आधी बाह्या सरसावल्या त्या बातमा-एजेनं. एजे म्हणजे थोरली बहीण. ती तर सगळ्या कुरणाचीच एजे आहे.

“घे,” ती म्हणाली. “डॉक्टर लोक येतात, घेऊन जातात. परत काही आणून देत नाहीत.”

मी शब्द दिला — पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वर याल, तेव्हा गोळ्या तुमच्या आधी पोचलेल्या असतील. आरोग्य खात्याची समिती जानेवारीत आणि एप्रिलमध्ये बसते आणि छापून आलेल्या लेखाशिवाय कशालाही हात लावत नाही. म्हणजे मार्चचा अंक गाठायलाच हवा होता.

आणि सचिवसाहेब? त्यांनी लेख चार वेळा परत केला. एकदा समासासाठी. एकदा संदर्भयादीतल्या स्वल्पविरामांसाठी. एकदा आकृतीची अक्षरं बारीक म्हणून. चौथ्यांदा मी भांडायलाच गेले.

“आता काय राहिलं?”

“काही नाही,” कनिबेक म्हणाला. “चहा राहिला. मागच्या तिन्ही वेळा तुम्ही रागावून निघून गेलात.”

“म्हणजे चहासाठी लेख परत केलात?”

“छे! एक पूर्णविराम जास्त आहे. सव्विसाव्या संदर्भात.” त्यानं बोरसोकची बशी पुढे सरकवली. तळलेल्या कणकेचा तो वास, खिडकीवर पाण्याचे ओघळ... “पण पूर्णविरामासाठी कुणी अकादमीपर्यंत चालत येतं का? फोनवर विचारता आलं असतं.”

मी बोरसोक तोंडात कोंबला.

खोलीतल्या हीटरवर मी माझे हातमोजे वाळत घातले होते. बोलता बोलता, खिडकीतून बाहेर बघत, त्यानं ते उलटे केले. दुसरी बाजूही वाळावी म्हणून. एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना माझे हात इतके उबदार होते, की मी दोन थांबे आधीच उतरून चालत गेले. वेडेपणाच नाही तर काय!

*

दोन्ही परीक्षकांनी लेख मान्य केला. सोळा मार्चला मी शेवटची प्रत बघायला गेले. चार दिवसांनी अंक छापखान्यात जाणार होता. मी आनंदात तरंगत होते. कनिबेक मात्र टेबलावरच्या एका कागदाकडे बघत बसला होता.

“एक सही राहिलीय,” तो म्हणाला. “सचिवानं लिहून द्यायचं असतं. ‘लेखकाशी हितसंबंध : नाही.’ दर अंकाला वीस वेळा लिहितो मी हे.”

“मग लिहा एकविसाव्यांदा.”

“तीन दिवस झाले... लिहिता येत नाहीये.”

“पेन बिघडलंय का?”

“पेन ठीक आहे, कुंदुझ.”

तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि न बघताही त्याचे कान लालबुंद होत चालले होते. मला उशिरा समजलं, पण समजलं तेव्हा पायाच्या नखापासून समजलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“हातमोजे होते ना... तेव्हापासून असेल. किंवा माझ्या अक्षराला नावं ठेवलीत तेव्हापासून.”

किती छान वाटलं म्हणून सांगू! पण ते जेमतेम एक क्षण टिकलं, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“आणि लेख?”

“मी बाजूला होतो. तो तोक्तोसून-आगायकडे जाईल.” तोक्तोसून-आगाय म्हणजे आमचे मुख्य संपादक, सगळ्या अकादमीचे गुरुजी. “ते नवा परीक्षक नेमतील. या अंकात... येणार नाही.”

“एक शब्द, कनिबेक! दोन अक्षरं! आज ‘नाही’ लिहा, उद्या काय वाटायचं ते वाटू द्या!”

“आणि उद्या समितीतला कुणी म्हणाला, सचिवानं आपल्या बाईचा लेख पुढे काढला, तर? दोनशे बारा जणींचं रक्त मोरीत ओतल्यासारखं होईल.”

“आपल्या बाईचा? मला विचारलंत तरी का तुम्ही?”

“नाही विचारलं.” आता त्यानं वर बघितलं. “कागदाला फक्त माझं उत्तर लागतं. तुमचं लागत नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मला लागतं... फार लागतं. पण लेख छापून येईपर्यंत मी विचारणार नाही.”

त्यानं माझ्यासमोर लिहिलं — ‘हितसंबंध : आहे.’ वाईट अक्षरात. मी दार आपटून निघाले, ते इतकं, की जिन्यावर शिपाईबाईनं विचारलं, “काय ग, नापास झालीस की काय?”

*

नौरुझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, सगळं शहर चौकात सुमोलोक ही गव्हाच्या मोडांची खीर खात होतं, नाचत होतं. मी उशीत तोंड खुपसून पडले होते. रडू नेमकं कशाचं, ते कळत नव्हतं. गोळ्यांचं की त्याचं? दोन्हींचा राग यायचा आणि दोन्हींवाचून करमायचं नाही.

एप्रिलमध्ये तिसऱ्या परीक्षकाचं पत्र आलं. कोण होता देव जाणे, नाव कधीच कळत नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला होता : ‘उंचीवरच्या माणसांचं रक्त दाट होतं, म्हणून तुम्ही उंचीचा हिशोब धरलात, हे योग्यच. पण धरलीत ती पासपोर्टवरच्या गावाची उंची. रक्त ऑगस्टमध्ये घेतलं. तेव्हा या बायका कुठे होत्या?’

मी खुर्चीतून उठलेच. कुठे होत्या? वर होत्या! तीन महिन्यांपासून, हजार मीटर वर, कुरणावर! आमच्याकडे पत्ता म्हणजे हिवाळ्यातलं घर. उन्हाळ्याला पत्ताच नसतो. आणि मी, तंबूत वाढलेली, मीच हे विसरले होते. तितक्या उंचीवर रक्त आणखी दाट असायला हवं, तो हिशोब धरून पुन्हा सगळं मांडलं. सहासष्ट नव्हे, एकशे एक जणींना रक्त कमी होतं. जवळजवळ निम्म्या. मार्चमध्ये छापलं असतं, तर पस्तीस जणींना मी माझ्याच हातानं ‘तू धडधाकट आहेस’ म्हणून घरी पाठवलं असतं.

मी धावत कनिबेकच्या खोलीवर गेले. तो दारातच अडवून उभा राहिला.

“तुमच्या लेखाबद्दल मला काही माहीत नाही,” तो म्हणाला, “आणि माहीत करून घ्यायचंही नाही.”

“मी लेखाबद्दल बोलायला आले नाही. आभार मानायला आलेय.”

“कशाबद्दल ते सांगू नका. त्यात लेख येईल.”

“मग नुसतेच आभार!” मी ओरडले. तो हसला, मी हसले. दोघांच्या मधे उंबरठा होता आणि दोघांपैकी कुणीही तो ओलांडला नाही. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं, त्याला आदर म्हणा, प्रेम म्हणा... मला वेगवेगळं करता येईना.

जूनमध्ये मी रिकाम्या हातांनी वर गेले. बातमा-एजेला चूल पेटवता पेटवता धाप लागत होती. मी सगळं सांगितलं. चूक, उशीर, सगळं. तिनं चुलीत फुंकर मारली. मग म्हणाली, “रिकाम्या हातांनी तोंड दाखवायला आलीस ना. पहिली डॉक्टर आहेस तू. चल, चहा घे.”

*

सप्टेंबरच्या अंकात लेख आला. त्याच संध्याकाळी कनिबेक माझ्या दवाखान्याबाहेर उभा. कोटाची बटणं खालीवर लावलेली.

“आता विचारू?”

“नको,” मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा बघून पटकन पुढे म्हणाले, “अजून नको. त्यांच्या गोळ्या वर पोचू देत. त्याआधी मी स्वतःसाठी काही घेतलं ना, तर मला ते पचायचं नाही.”

त्यानं एक बटण काढून नीट लावलं. “मग मी गोळ्यांबरोबरच येतो वर. सामसा खाणार?”

“त्याला माझी ना नाही.”

हिवाळाभर आम्ही अकादमीसमोरच्या गाडीवर मांस भरलेले गरम सामसे खाल्ले, जिभा भाजून घेतल्या, ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंही नाही. तो प्रश्न मात्र त्यानं एकदाही विचारला नाही. जानेवारीत समिती बसली. लेख पुढे ठेवला, सही कुणाची होती आणि कुणाची नव्हती तेही तपासलं, आणि मंजुरी दिली. तोक्तोसून-आगायनी मला बोलावून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “पोरी, चाळीस वर्षांत त्या रकान्यात ‘आहे’ लिहिलेलं मी एकदाच पाहिलं. तो रकाना फुकट घालवू नकोस.”

या जूनमध्ये आम्ही निघालो. आधी गाडी, मग घोडे, घोड्यांवर खोकी. कनिबेक शहरात वाढलेला. घोड्यावर तो पोत्यासारखा बसला होता आणि शेवटच्या चढावर धापा टाकत होता. वर हिरवंगार कुरण, तंबूंतून निघणारा धूर, भुरभुर पाऊस... आणि बायका. निरोप आधीच पोचला होता. सगळ्या जमल्या होत्या.

मी खोकं फोडलं. पहिली डबी बातमा-एजेच्या हातावर ठेवली. आणि डॉक्टरसारखंच बोलले, “रोज एक. चहाबरोबर नाही हं, एजे. चहा तासाभरानं.”

“चहाबरोबर नाही? मग काय, वाऱ्याबरोबर घेऊ?” ती म्हणाली आणि बायका खो खो हसल्या. मग तिची नजर माझ्या मागे गेली. “आणि हा कोण ग? खात्याचा माणूस?”

मागे खोकं उचलणारा कनिबेक तसाच वाकलेला राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. सव्वा वर्ष त्यानं एक प्रश्न पोटात ठेवला होता, आणि तो तिसऱ्याच कुणीतरी विचारला होता. सगळं कुरण माझ्याकडे बघत होतं.

“खात्याचा नाही, एजे,” मी म्हटलं. “माझा माणूस आहे.”

खोकं धप्पकन खाली पडलं.

“मग त्यालाच आधी एक गोळी दे,” बातमा-एजे म्हणाली. “पांढराफटक पडलाय बघ!”

हसण्याचा एकच गलका झाला. तो ओसरल्यावर तिनं डबी कमरपट्ट्यात खोचली आणि दोन्ही तळवे आभाळाकडे उघडले. सगळ्या बायकांनी उघडले. दोनशे जणींचे हात, सुया टोचून घेतलेले, आता आमच्यासाठी आशीर्वाद मागत होते. मला रडू आवरेना. मी यांना द्यायला आले होते, आणि माझीच ओंजळ भरली होती.

आशीर्वाद संपला तसे रीतीप्रमाणे सगळ्यांचे तळवे चेहऱ्यावरून फिरले. कनिबेकचे सगळ्यात शेवटी, गडबडून. मग तो हळूच माझ्या कानाशी आला.

“पुन्हा म्हण ना.”

“काय?”

“एजेला सांगितलंस ते.”

“लेखी देऊ का?”

“लेखी माझ्याकडून गेलंय. तू तोंडी म्हण...”

आणि मी म्हटलं. एवढ्या बायकांसमोर, मोठ्यानं, पुन्हा एकदा.