वळणावरचं घर

हिंगोली जिल्हा झाला आणि गावाबाहेरच्या माळरानाला भाव आला. त्याच सुमारास अंगदनं रिसाला मोहल्ल्यापलीकडच्या पडीक मैदानात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. बाप, नामाजी, वारल्यावर त्यानं सेनगावकडची मेंढरं विकली, आईला नव्या घरात आणून ठेवलं आणि स्वतः पुण्याला कंपनीत परतला. दवाखाना जवळ, बाजार जवळ. त्याच्या जिवाला तेवढाच दिलासा.

पंचफुलाबाईला मात्र ते घर खायला उठायचं. सगळा जन्म कळपामागं गेलेला. इथं चहूकडं प्लॉटचे दगड, बाभळी आणि वाळलेलं गवत. पहाटे जाग आली की हात आपसूक काठी चाचपायचा, मग आठवायचं.

बोलायला रिसाल्यातला म्हातारा प्रेमसिंग तेवढा होता. फिरत फिरत यायचा, ओट्यावर टेकायचा.

"बाई, ह्ये रेसचं मैदान व्हतं," त्यानं एकदा सांगितलं. "पलटणीचे साहेब घोडे पळवायचे. माझा बाप घोड्यायची मालिश करायचा. शामियाना लागायचा, ब्यांड वाजायचा. आमच्या मोहल्ल्यातली पोरं बाभळीवर चढून बघायची म्हणं." मग त्यानं घराकडं मान वळवली. "तुमचं घर बराबर घोड्यायच्या वळणावर बसलंय."

"मंग?"

"काही न्हाई," म्हणाला आणि उठून गेला.

उन्हाळ्यात सुरू झालं. ऊन कललं, की वारा नसताना मागच्या दाराची कडी वाजायची. रांजणातलं पाणी थरथरायचं. धुरळ्याचा एक लोट मागून आत शिरायचा आणि पुढच्या दारानं निघून जायचा.

पंचफुलाबाई भ्याली नाही. तिनं नाक वर करून वास घेतला. घामेजलेलं जनावर. मेंढराहून कडक, खारट वास.

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला तिनं दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. वाटेतली खाट उचलून भिंतीला लावली. काही दिवसांनी घमेल्यात पाणी भरून ठेवलं. धुरळा आला, जरा रेंगाळला, गेला. घमेलं अर्धं झालं होतं आणि कडेला फेस होता. त्या रात्री ती पोटभर जेवली.

"दमून राहिलं का रं लेकरा," ती मग रोज म्हणायची.

दिवाळीला अंगद आला. घरभर माती बघून चिडला.

"आई, पुण्याला चल. एकटी काहून राहतीस?"

"एकटी कुठं? जनावर येतं ना."

तिनं सगळं सांगितलं. दुपार टळल्यावर अंगदनं उठून मागच्या दाराला कडी घातली.

थोड्या वेळानं दार हललं. बाहेर काहीतरी माती उकरत होतं. फळीपलीकडं जड श्वास ऐकू येत होता. दाराला टेकवलेला हात अंगदनं झटकन मागं घेतला.

"आई, बाहेर कोण हाय?"

"तान्हेलं हाय ते. सरक."

तिनं कडी काढली. लोट दोघांच्या मधून गेला. अंगदच्या तोंडावर धूळ बसली. त्यानं पिशवी भरली, आईचे हात धरले.

"चल आई. पाया पडतो."

"मी गेले तं त्याला पाणी कोण ठेवील?"

तो रडत रडत एसटी स्टँडकडं गेला. येत्या रविवारी जीप घेऊन येतो, उचलून नेतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते पळत आलं नाही. चालत आलं.

खोलीच्या मधोमध थांबलं. घमेल्यातलं पाणी घटाघट कमी होत गेलं.

पंचफुलाबाईनं हळूच हात पुढं केला. तळव्याला मान लागली. ओली, ऊन ऊन. कातडीखाली शीर उडत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या हाताला जिवंत ऊब लागली होती. तिचे डोळे भरून आले.

"थांबलंस रं लेकरा," ती पुटपुटली.

मान चोळत हात मागं सरकला. आयाळ. खांदा. मग चामड्याचा पट्टा.

मग जाड कापड. कापडाखाली गुडघा.

तो गार होता.

तिला हात उचलता येईना.

वरून कुणीतरी वाकलं, आणि तिच्या डोक्यावरून घसरलेला पदर हळूच सारखा केला.